कमरेतलं इंजेक्शन आणि उतरणारं बीपी

सिझेरियनच्या टेबलावर बाईला आडवं बसवतात, पाय खाली सोडायला सांगतात, हनुवटी छातीला टेकवून पाठ बाकदार करायला लावतात. भूलतज्ज्ञ कमरेच्या दोन मणक्यांमधली फट बोटांनी चाचपून बघते, गार स्पिरिट फिरवते आणि बारीक सुई आत सरकवते. सुईच्या मागच्या टोकाशी नितळ द्रवाचा थेंब आला की सिरिंज जोडायची आणि जेमतेम दोन मिलिलिटर औषध आत सोडायचं. एवढंच काम. मग बाईला लगेच उताणं करतात. पाय आधी गरम आणि मग जड होतात. चार-पाच मिनिटं जातात न जातात तोच ती म्हणते, "मॅडम, मळमळतंय." एखादी काहीच बोलत नाही, नुसत्या जांभया देऊ लागते. "ताई, घाबरू नका, आत्ता बरं वाटेल," असं म्हणता म्हणता भूलतज्ज्ञेचा हात सलाईनला जोडलेल्या सिरिंजवर गेलेला असतो. दंडावरचा पट्टा फुगून मॉनिटरवर आकडा उमटेपर्यंत ती थांबत नाही. मळमळ आणि जांभई म्हणजे मेंदूला रक्त कमी पडू लागल्याची पहिली वर्दी.

मणक्यातल्या भुलेनंतर बीपी उतरणं ही सिझेरियनमधली सगळ्यात नेहमीची गुंतागुंत आहे. काहीच खबरदारी घेतली नाही तर निम्म्याहून जास्त बायकांचं बीपी उतरतं. काही अभ्यासांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे गेलं आहे. आपल्याकडे हा प्रश्न किती घरांशी जोडलेला आहे हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतून (२०१९–२१) कळतं. महाराष्ट्रातल्या २५.४ टक्के आणि गोव्यातल्या ३९.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, आणि आज बहुतेक सिझेरियन कमरेतल्या इंजेक्शनवरच होतात. त्याला कारणंही सबळ आहेत. आई जागी राहते, बाळापर्यंत औषध नगण्य पोचतं आणि घशात नळी घालण्याचा धोका टळतो. गरोदरपणात घशाला सूज असते आणि पोटातलं अन्न वर येण्याची भीती जास्त असते, त्यामुळे हा शेवटचा फायदा मोठा आहे. बाळंतपणाच्या कळांसाठी ही भूल पहिल्यांदा वापरली ती स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात ऑस्कर क्राइस यांनी, १९०० साली. तेव्हा औषध होतं कोकेन. औषधं बदलली, सुया बारीक झाल्या, पण बीपी उतरण्याचं दुखणं तेव्हापासून सोबतीला आहे.

मग सगळ्यांचंच का उतरत नाही? कोणाचं उतरेल हे आधी ओळखता येतं का? त्यासाठी आधी ते उतरतं कसं ते बघू.

भूल दुखण्यावर थांबत नाही

मणक्याच्या पोकळीतल्या द्रवात सोडलेलं औषध तिथल्या सगळ्याच मज्जातंतूंना गाठतं. वेदना नेणारे तंतू बंद पडतात, पाय हलवणारे बंद पडतात, आणि ज्यांची आपल्याला कधी जाणीवही नसते असे तिसऱ्या प्रकारचे तंतूही बंद पडतात. हे तिसरे, म्हणजे सिंपथेटिक तंतू, छातीच्या पहिल्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंतच्या भागातून निघतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती सतत थोड्या आवळून धरतात. तो ताण गेला की वाहिन्या सैल पडतात. घागरीतलं पाणी हंड्यात ओतलं की पाणी तेवढंच असतं, पण काठापर्यंत येत नाही. तसं रक्त तेवढंच राहतं आणि दाब खाली येतो.

इथे सिझेरियनची एक खास अडचण आहे. टाका बेंबीच्या बऱ्याच खाली असतो, पण गर्भाशय हाताळताना पोटाच्या आतला पडदा आणि आतडी ओढली जातात आणि त्यांच्या संवेदना फार वरून जातात. म्हणून बधिरपणा स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत चढावा लागतो. भूलतज्ज्ञ गार बोळा खालून वर टेकवत "गार लागतंय का?" असं विचारत जाते ते हीच पातळी मोजायला. सिंपथेटिक तंतूंवरचा परिणाम सहसा त्याच्याही वर पोचतो. हृदयाचा वेग वाढवणारे तंतू छातीच्या पहिल्या चार मणक्यांच्या भागातून निघतात. तेही बंद पडले तर बीपी उतरूनही नाडी वाढत नाही, उलट मंदावते. असं झालं की खोलीतले सगळे सावध होतात.

त्यात गरोदरपणाची भर पडते. नऊ महिने भरलेलं गर्भाशय उताण्या बाईच्या मणक्याच्या पुढून जाणाऱ्या मोठ्या शिरेवर रेलतं आणि पायांकडून हृदयाकडे येणारं रक्त अडवतं. भूल न देताही शंभरातल्या आठ-दहा बायकांना उताणं झोपल्यावर यामुळे घेरी येते. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी याचं कारण नीट दाखवून दिलं. एरवी शरीर पायांतल्या वाहिन्या आवळून वेळ मारून नेतं. मणक्यातली भूल नेमकी तीच सोय काढून घेते. शिवाय पोटाच्या दाबाने मणक्यातल्या शिरा फुगलेल्या असतात, द्रवाला जागा कमी उरते, त्यामुळे तेवढंच औषध गरोदर बाईत जास्त वर चढतं.

आईचं बीपी उतरलं की बाळाचाही हिशोब बिघडतो. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयाला मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त लागतं, आणि मेंदूला किंवा मूत्रपिंडाला जमतं तसं दाब कमी झाल्यावर प्रवाह सांभाळून घेणं गर्भाशयाला जमत नाही. आईचा दाब घसरला की वारेतला प्रवाहही घसरतो. लगेच सावरलं तर बाळाला सहसा काही होत नाही. लांबलं तर नाळेच्या रक्तातली आम्लता वाढते.

धडधाकट बाईचं जास्त, कळा देणारीचं कमी

जोखमीच्या घटकांची यादी भूलशास्त्राच्या पुस्तकांत सापडते. ती नुसती पाठ केली तर बुचकळ्यात पडायला होतं. तारीख ठरवून, सकाळी शांतपणे चालत ऑपरेशनला आलेल्या निरोगी बाईचं बीपी जास्त उतरतं. आणि रात्रभर कळा देऊन थकलेली, घामाघूम झालेली बाई तातडीने टेबलावर घेतली तर तिचं तुलनेने कमी उतरतं. कळांबरोबर आकसणारं गर्भाशय स्वतःतलं रक्त आईच्या अभिसरणात ढकलत असतं, पाणमोट फुटून गर्भाशयाचं आकारमान कमी झालेलं असतं, आणि कळांनी तिच्या रक्तात उतरलेली ॲड्रिनलिनसारखी संप्रेरकं मज्जातंतूंच्या मदतीशिवायही वाहिन्या आवळून धरतात.

गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या आजाराची, प्रीएक्लॅम्प्सियाची गोष्ट तर याहून उलटी निघाली. या बायकांना मणक्यातली भूल दिली तर दाब धाडकन कोसळेल या भीतीने कितीतरी वर्षं ती टाळली गेली. फ्रान्समधल्या नीम शहरातल्या डॉ. आया आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे तपासून बघितलं. तीव्र प्रीएक्लॅम्प्सियाच्या सुमारे १७ टक्के बायकांचं बीपी उतरलं, तर निरोगी गरोदर बायकांत ते प्रमाण ५३ टक्के होतं. शंका निघाली की प्रीएक्लॅम्प्सियात बाळंतपण लवकर होतं, बाळ लहान असतं, मोठ्या शिरेवरचा भार कमी असतो, म्हणून तर हा फरक दिसत नसेल? म्हणून त्यांनी दोन वर्षांनी पुन्हा तुलना केली, ती दिवस भरण्याआधी सिझेरियन झालेल्या निरोगी बायकांशी. फरक कमी झाला पण टिकला: सुमारे २५ टक्के विरुद्ध ४१ टक्के. या आजारात रक्तवाहिन्या आवळल्या जातात त्या मुख्यतः रक्तातल्या द्रव्यांमुळे, आणि भूल मज्जातंतू बंद करते, रक्तातली द्रव्यं नाही.

या दोन उदाहरणांत यादीची किल्ली आहे. सुई टोचण्याआधी आकडा किती होता यापेक्षा तो आकडा कशाच्या जोरावर टिकला होता हे महत्त्वाचं. मज्जातंतूंनी वाहिन्या ओढून धरल्यामुळे ज्या बाईचं बीपी नॉर्मल दिसत होतं, तिचा आधार इंजेक्शनने एका फटक्यात जातो.

आता बाकीची यादी याच नजरेने वाचता येते. ऑपरेशनआधी नाडी जोरात चालत असेल तर तो धोक्याचा इशारा मानतात. भीती असो, उपास असो की अंगातलं पाणी कमी झालेलं असो, शरीर आधीच सिंपथेटिक तंतूंना कामाला लावून दाब राखत असल्याची ती खूण असते. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये जोखीम मोजायची एक साधी पट्टी मांडली. तिच्यात तीनच गोष्टी घेतल्या आहेत: नाडीचा वेग, वय आणि सुरुवातीचा सरासरी रक्तदाब. तिन्ही गोष्टी छोट्या रुग्णालयातली परिचारिकाही दोन मिनिटांत टिपू शकते. वय वाढतं तशा वाहिन्या आणि हृदय बदलाशी जुळवून घ्यायला संथ होतात. मुळातच दाब कमी असेल तर उतरायला वावच थोडा राहतो.

वजनाचा परिणाम दुहेरी आहे. लठ्ठ बाईत भूल जास्त वर चढू शकते आणि मोठ्या शिरेवरचा भारही जास्त असतो. त्यात दंडाला पट्टा लहान पडला तर आकडा फसवा येतो आणि उतरलेलं बीपी ठीक दिसतं. बाळ मोठं असेल, जुळी असतील किंवा गर्भजल जास्त असेल तर गर्भाशयाचा भार वाढतो. उताणं झोपल्यावर जीव घाबरा होतो असं गरोदरपणात सांगणाऱ्या बाईची तक्रार मनाचा खेळ म्हणून सोडून द्यायची नसते. तिची मोठी शीर दबते आहे एवढाच त्याचा अर्थ. उंचीबद्दल मात्र अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

काही जोखीम बाईच्या अंगात नसते, ती आपण तयार करतो. औषधाची मात्रा हा त्यातला मुख्य घटक. या भुलेसाठी वापरतात त्या हेवी बुपिव्हाकेनच्या एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध असतं. सिझेरियनला साधारण १० ते १२ मिलिग्रॅम पुरतं. मात्रा वाढवली की बीपी उतरण्याची शक्यता वाढते, फार कमी केली तर ऑपरेशन मध्यावर आलेलं असताना भूल उतरू लागते. म्हणून मात्रा थोडी आटोपती ठेवून जोडीला फेन्टानिल या वेदनाशामकाचा अल्प डोस देण्याची पद्धत रूढ झाली. दुसरी जोखीम उपासाची. नियमानुसार हलकं खाणं ६ तास आधी आणि पाणी २ तास आधी बंद करायचं असतं. आपल्याकडे "रात्री दहानंतर पाण्याचा थेंबही नको" असं बजावतात आणि ऑपरेशनचा नंबर दुपारी लागतो. उन्हाळ्यात तर ती बाई टेबलावर येते तीच कोरडी पडून.

रक्तस्राव सुरू असलेली बाई आणि झडपेचा आजार असलेली बाई या यादीत नुसत्या आकड्याने मोजायच्या नसतात. वार आधीच सुटून रक्त गेलेलं असेल तर आवळलेल्या वाहिन्यांवरच जीव टिकून असतो. तिथे मणक्यातली भूल घातक ठरू शकते. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झाली असेल तर दाब उतरल्यावर हृदयाला रक्त वाढवून पाठवताच येत नाही. आपल्या देशात हा आजार अजून दिसतो. म्हणून "दम लागतो का? लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?" हे प्रश्न विचारायलाच हवेत.

उतरलं म्हणायचं तरी कधी?

वर दिलेल्या टक्केवाऱ्या एकमेकींशेजारी मांडताना जपून राहावं लागतं. २०१० मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी या विषयावरचे ६३ शोधनिबंध चाळले, तेव्हा बीपी उतरण्याच्या १५ वेगवेगळ्या व्याख्या त्यांच्या हाती लागल्या. कोणी वरचा आकडा १०० च्या खाली आला की उतरलं म्हणत होतं, कोणी मूळ आकड्याच्या ८० टक्क्यांखाली आल्यावर. याच व्याख्या त्यांनी एकाच गटातल्या बायकांना लावून बघितल्या, तर बीपी उतरलेल्यांचं प्रमाण ७.४ टक्क्यांपासून ७४.१ टक्क्यांपर्यंत हललं. जोखमीच्या काही घटकांबाबत अभ्यासांचं एकमत होत नाही त्यामागे हेही कारण आहे. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने व्यवहारी रेघ आखून दिली: वरचा आकडा मूळच्या ९० टक्क्यांच्या वर ठेवायचा प्रयत्न करा, ८० टक्क्यांखाली जाऊ देऊ नका, आणि बाळ बाहेर येईपर्यंत दर मिनिटाला बीपी मोजा.

सलाईन, सिरिंज आणि डावीकडची उशी

जोखीम कशी हाताळायची याचा इतिहासही बीपी का उतरतं याच्या समजुतीबरोबर बदलत गेला. रक्त पायांतल्या शिरांत साठतं आणि हृदयाकडे कमी येतं, एवढंच कारण आहे असं समजत होते तोवर उपायही साधा होता: इंजेक्शनआधी भरपूर सलाईन चढवा. डर्बनच्या राउट, रॉक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे तपासलं. सलाईन न दिलेल्या ७१ टक्के बायकांचं बीपी उतरलं, दिलेल्यांपैकी ५५ टक्के बायकांचं. फायदा होता, पण अपेक्षेच्या मानाने तोकडा. पुढे ऑस्लो आणि केप टाउनमधल्या डॉक्टरांनी भूल चढताना हृदयातून बाहेर पडणारं रक्त सलग मोजलं, तेव्हा सुरुवातीला ते कमी न होता वाढताना दिसलं. मुख्य बिघाड धमन्या सैल पडण्यात होता. मग उत्तर उघड होतं: सैल पडलेल्या धमन्या आवळणारं औषध हवं. सलाईन आजही देतात, पण भूल देतानाच, भराभर, आणि औषधाच्या जोडीला.

कोणतं औषध, हाही वाद बराच काळ चालला. १९७४ च्या गाभण मेंढ्यांवरच्या प्रयोगात एफिड्रिनने गर्भाशयाचा रक्तप्रवाह सांभाळला आणि पुढची पंचवीसेक वर्षं एफिड्रिनचं राज्य चाललं. हाँगकाँगच्या न्गान की आणि सहकाऱ्यांनी मग दाखवलं की एफिड्रिन वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि नाळेच्या रक्तातली आम्लता वाढवतं; फिनाइलेफ्रिनने तसं होत नाही. आज जगभर पहिली पसंती फिनाइलेफ्रिनला आहे, आणि तेही बीपी उतरण्याची वाट न बघता भूल देताक्षणी सुरू करायचं. त्याने नाडी मंदावते, हा त्याचा तोटा. भारतात मेफेन्टरमिनही बराच काळ हाताशी राहिलं आहे.

फिनाइलेफ्रिन वापरण्यात एक काळजी आहे. १ मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं आणि एका वेळी लागतं ते ५० ते १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ॲम्प्यूलचा शंभरावा भाग किंवा त्याहून कमी. ते १०० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळलं की एका मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम होतं. सकाळी पहिली केस सुरू व्हायच्या आत हे मिसळून त्यावर ठळक लेबल लावून ठेवलं नाही, तर ऐनवेळी घाईत दशांश चुकण्याची भीती असते.

बाईच्या उजव्या कुशीखाली उशी देऊन तिला डावीकडे थोडं कलतं ठेवण्याची रीत जुनी आहे. २०१५ मध्ये जपानमधल्या एमआरआय अभ्यासात १५ अंशांच्या कलाने मोठी शीर फारशी मोकळी होत नाही, ३० अंशांवर होते असं दिसलं. तेवढ्या तिरक्या टेबलावर ऑपरेशन करणं अवघड, तरी शक्य तेवढा कल ठेवतात. तातडीच्या वेळी गर्भाशय हाताने डावीकडे सारूनही धरतात.

बाळ बाहेर आल्यावर धोका संपला असं वाटतं, पण एक दुसरी उतरण तिथे असते. गर्भाशय आकसावं म्हणून दिलेलं ऑक्सिटोसिन शिरेतून भस्सकन दिलं तर वाहिन्या सैल होतात. ब्रिटनच्या १९९७–९९ च्या मातामृत्यू चौकशी अहवालात १० युनिटं एकदम दिल्याच्या घटनेची नोंद झाली आणि त्यानंतर मात्रा कमी करून ते सावकाश देण्यावर भर आला.

खोलीतली जोखीम

दक्षिण आफ्रिकेच्या मातामृत्यू चौकशीच्या अहवालांत भुलेशी संबंधित मृत्यूंत मणक्यातल्या भुलेनंतर कोसळलेलं बीपी पुन्हा पुन्हा दिसतं, आणि त्यातले बरेचसे मृत्यू जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांतले असतात. औषध तेच, सुई तीच. कमी पडतं ते सुईनंतर मॉनिटरवर खिळलेलं माणूस. भूल देणाराच हात धुऊन ऑपरेशनला उभा राहिला तर जोखमीचा सगळ्यात मोठा घटक तोच ठरतो. आपल्याकडे भूलतज्ज्ञांची वानवा असलेल्या भागांसाठी केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भुलेचं १८ आठवड्यांचं प्रशिक्षण देण्याची योजना आणली. अशा डॉक्टरसाठी कोणाचं बीपी उतरेल हा अंदाज बांधण्यापेक्षा, उतरलं तर काय करायचं याची तयारी आधी मांडून ठेवणं जास्त उपयोगाचं असतं.

कारण अंदाज चुकतो. सगळे घटक मोजूनही कोणाचं बीपी उतरेल हे खात्रीने सांगणारी कसोटी अजून हाती आलेली नाही, आणि उतरणाऱ्यांत यादीत कुठेच न बसणाऱ्या तरुण, निरोगी बायका भरपूर असतात. म्हणून प्रतिबंधक औषध आणि दर मिनिटाची मोजणी सगळ्यांना सारखीच. यादीचं काम वेगळं आहे: कोणासाठी मात्रा आटोपती ठेवायची, कोणासाठी दुसरा हात आधीच बोलावून ठेवायचा, कोणाला वेळेत मोठ्या रुग्णालयात पाठवायचं आणि कोणाला ही भूल द्यायचीच नाही हे ती ठरवते.

बाईनेही काही गोष्टी न विचारता सांगाव्यात. उताणं झोपल्यावर घेरी येते का, शेवटचं पाणी कधी प्यायलं, दम लागतो का, बीपीच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत, आधीच्या सिझेरियनला उलट्या झाल्या होत्या का. आणि टेबलावर मळमळलं, जीव कसानुसा झाला, तर संकोचाने गप्प बसू नये. मॉनिटरचा पट्टा मिनिटातून एकदाच फुगतो; मधल्या वेळात काय होतंय ते तीच आधी सांगू शकते.